टिबीचा दम

"तिकडे बघ, इकडे नको," असं पाखराला म्हणत क्लेगने नेहमीप्रमाणे त्याच्यावर टॉवेल टाकला. खरं तर न बघणारा तोच. घरी परसात शर्यतीची कबुतरं बाळगणारा माणूस प्रयोगशाळेत कबुतराच्या नजरेला नजर कशी देणार? पाखराची मान मोडून होईपर्यंत तो खिडकीबाहेर शेफील्डची धुरांडी बघत राहायचा.

मी तिथे काचेची भांडी धुते. छातीचं मांस लगेच बारीक करून कुप्यांत भरावं लागतं, कारण पाखरू मेल्यावरही ते काही तास श्वास घेतं. पेशी साखर जाळून ताकद काढतात, त्यासाठी प्राणवायू ओढतात आणि कुपीच्या नळीतलं रंगीत पाणी तेवढं वर चढतं. डॉक्टर ऑल्डरसनबाई ते मोजतात.

कुप्या कोमट पाण्यात लागल्यावर उरलेलं पाखरू टाकायला मी टॉवेल उलगडला, तर पायात कडं.

"क्लेग, हे शर्यतीचं दिसतंय. चौतीस सालचं. एकशे सात."

तो वळला नाही. "परत वाच."

मी वाचलं आणि मग माझ्या लक्षात आलं. हा आकडा आम्हा सगळ्यांना पाठ होता. फ्रान्सहून सोडलेली त्याची टिबी तीन आठवडे परतली नव्हती. डब्याच्या सुट्टीत त्याने दुसरा विषयच निघू दिला नव्हता. पाखरं पुरवणारा सकाळी सांगून गेला होता, ही स्टेशनच्या छपरावर सापडली. तिथून क्लेगचं घर मैलभर. अख्खा समुद्र ओलांडून आली होती बया.

ऑल्डरसनबाई पांढऱ्याफटक पडल्या. "क्लेग, बंद करू या हे. तुम्ही घरी जा."

"बंद कशाला, बाई? अजून श्वास घेतेय ती." त्याने नळीसमोर स्टूल ओढलं. "नोरा, वेळ सांग गं. दर पाच मिनिटांनी."

मी सांगत गेले, तो लिहीत गेला. पाणी इतकं चढत होतं की बाई दोनदा नळी तपासून गेल्या.

"दमाची आहे पोरगी," क्लेग म्हणाला. "मी सांगत नव्हतो?"

मी पुढची वेळ सांगितली.

दुपारी सव्वाला पाणी जागचं हललं नाही. पुढच्या पाच मिनिटांनीही नाही. क्लेगने तोच आकडा दुसऱ्यांदा लिहिला आणि डोक्यावरची टोपी काढली.