सावधान नसलेलं मंगलाष्टक

चाकणपासून चिंचवडापर्यंत कुठल्याही बऱ्या घरचं लग्न असो, भटजी वेगळा असायचा, वाजंत्री वेगळे असायचे, नवरा-नवरी तर वेगळे असायचेच. मंगलाष्टक मात्र आमच्या आबांचं असायचं.

मुरारी मास्तर म्हणून सगळा मुलूख त्यांना ओळखायचा. लोकल बोर्डाच्या शाळेत ते पोरांना पाढे शिकवायचे. कुणाच्या तरी लग्नात त्यांनी हौसेने एक मंगलाष्टक रचलं, नवरीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथून लोक चऱ्होलीत आमच्या ओट्यावर येऊ लागले. पुढे पगारापेक्षा ओट्यावरची मिळकत जास्त झाली, तेव्हा आबांनी शाळा सोडली. गावाने आधी त्यांना वेड्यात काढलं आणि घरावर मंगलोरी कौलं चढल्यावर तेच गाव म्हणायला लागलं, "डोकं असावं तर मास्तरांसारखं." गावाला काय, तोंडाला कुलूप थोडंच असतं.

गिऱ्हाईक ओट्यावर टेकलं, की आई चहा ठेवायची आणि आबा टाक दौतीत बुडवून विचारायचे, "मुलीचं नाव काय?" हा पहिला प्रश्न कधी चुकला नाही. मग बापाचं नाव, मामाचं, आत्याचं, गावचं, कुलदैवताचं. मामाचं नाव राहिलं तर मामा पंगतीला बसत नाही, आणि आत्याचं राहिलं तर आत्या जन्मभर कुणाला सुखाने जेवू देत नाही, हे आबांना पाठ होतं. नावं ओळीत बसली की पुण्याच्या छापखान्यात गुलाबी कागदावर ती अष्टकं छापून यायची आणि मांडवात वाटली जायची. लोक ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवत.

त्यातलं एक तर सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं. 'कन्या हे धन चालले परघरा, द्यावा शुभाशीष तो.' ते इतक्या लग्नांत म्हटलं गेलं, की गुरं वळणारी माणसंसुद्धा ते गुणगुणत. मला त्याचा संताप यायचा. मी काही धन नव्हते, आणि आबाही तसं मानत नव्हते. मी एकदा तसं म्हणाले, तर आई ताडकन म्हणाली, "याच धनाच्या ओळीवर तुला लुगडं आलंय. गप नेस."

आईचं खोटं नव्हतं. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, शेतकऱ्याच्या घरी पगार यायला लागला होता आणि लग्नं मोठी व्हायला लागली होती. आबांना मागणी वाढली. पण आबांना खरं लिहायचं होतं ते वेगळंच. त्यांची आई जात्यावर ओव्या म्हणायची, त्या चालीवर, आमच्या नदीकाठचं, आपल्या माणसांचं, साध्या बोलीतलं काहीतरी. "सराई संपू दे, मग बसतो," म्हणायचे. सुरुवातीला बसायचेही. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा ते चार ओळी करायचे आणि मला म्हणून दाखवायचे. मग चातुर्मासातही गिऱ्हाईक यायला लागलं. कुणाला बदलून जाणाऱ्या मामलेदारासाठी मानपत्र हवं, कुणाला गणपतीच्या मेळ्याची पदं, कुणाला निवडणुकीची गाणी. सगळे चांगले पैसे देणारे, सगळे हात जोडणारे. नाही म्हणायला एकही वाईट माणूस मिळेना, ही आबांची खरी अडचण होती.

मी लहान असताना त्यांनी मला एक शब्द दिला होता. "इंदे, तुझ्या लग्नात मी इकलेलं एक अक्षर म्हणणार न्हाई. तुझं ते फक्त तुझं." मी इंद्रायणी, पण घरात इंदी. हा शब्द मी धरून बसले होते, अगदी सावकारासारखी.

माझं लग्न ठरलं ते चिंचवडच्या दौलतरावांच्या सयाजीशी. दौलतरावांच्या वीटभट्ट्या होत्या, कारखान्याला विटा तेच पुरवत. पाहुण्यांच्या यादीत साहेबलोक होते. त्यांच्याकडची मंगलाष्टकं आबांनी एका दुपारी हातावेगळी केली, साहेबांची नावंसुद्धा वृत्तात चपखल बसवली. दौलतराव खूश झाले. "व्याही म्हणून न्हाई सांगत मास्तर, पर तुमच्यावाणी कारागीर पंचक्रोशीत न्हाई," असं म्हणाले. कारागीर शब्दावर आबा हसले. मला ते हसू आवडलं नाही.

मग माझ्या अष्टकाला बसले, आणि काही केल्या येईना. जोत्यावर मांडी घालून बसायचे, टाक वाळून जायचा. मी विचारलं, "आबा, काय अडलंय?"

"शब्द न्हाईत."

"तुमच्याकडं? शब्दावरच तर घर चाललंय की."

"म्हणून तर न्हाईत," आबा म्हणाले. "अंगणातली तुळस म्हणावं, तर ती वाकडच्या पाटलाला दिली. काळजाचा तुकडा चाकणच्या कांदेवाल्या दलालानं नेला. दुधावरची साय भोसरीला गेली. लेक म्हटलं की त्याच चालीत पुढची ओळ तयारच येती. मला इचारतबी न्हाई. हात लिहितो आन् मी बघत बसतो."

आपल्याच घरात कुणी आपल्याला कोंडून घालावं आणि कडी आतून असावी, तसं काहीतरी त्यांचं झालं होतं. मला कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला, कारण लग्न माझं होतं.

लग्नाआधी मामाला अक्षत द्यायला आम्ही दोघं नदीपलीकडे निघालो. तिथे पूल नव्हता, उतारातून चालत जावं लागे. लहानपणी आबा मला खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचे. काठावर त्यांनी धोतर वर खोचलं आणि म्हणाले, "येतीस का खांद्यावर?"

"आता मी बसले तर दोघंबी संगमाला निघू वाहत," मी म्हणाले.

ते हसले. मध्यावर गेल्यावर मात्र थांबले. पाणी कमरेला होतं. ओठ हलत होते. मला वाटलं पाय रुतला. मग जात्याच्या चालीत, अगदी हळू, ते म्हणाले:

नदीच्या उतारात पाणी लागे कमरेला
खांद्यावर इंदी पुसे, काय हाय पल्याडाला
बाप म्हणे, गाव हाय, तुझं घर तिथं हाय
इंदी म्हणे, नको घर, इथं खांदा बरा हाय

मी खरंच तसं म्हणाले होते लहानपणी. मी विसरले होते, आबा नव्हते विसरले. पाण्यात उभी राहून मी रडले. आबांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. पलीकडे पोचेपर्यंत मात्र त्यांच्या कपाळावर आठी आली. "ह्याच्यात सावधान कुठं बसवू? वृत्तबी न्हाई."

"नका बसवू," मी फणकाऱ्याने म्हणाले. "माझं हाय ना? मग असंच म्हणायचं."

लग्न आमच्या दारात लागलं. मांडव गच्च भरला होता. दौलतरावांनी पुण्याहून कर्णा आणला होता, त्यामुळे भटजींचं खाकरणंही वेशीपर्यंत ऐकू जात होतं. मी पाटावर उभी होते, मागे मामा, समोर अंतरपाट. मला कापडाशिवाय काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. भटजींचं झालं. दौलतरावांची अष्टकं झाली, साहेबांची नावं आली, प्रत्येक कडव्याला 'सावधान' आलं की जोंधळ्याच्या अक्षता डोक्यावर तडतडत. मग कुणीतरी म्हणालं, "आता मास्तर," आणि मांडव चिडीचूप झाला. मास्तरांच्या लेकीचं अष्टक कसं असेल, याची लोकांना फार उत्सुकता होती.

आबांनी सुरुवात केली. नदीतला तोच आवाज, तीच चाल. मी डोळे मिटले. चार ओळी आहेतच किती, संपल्या.

काहीच झालं नाही.

अक्षता पडल्या नाहीत. ताशा वाजला नाही. मुठीत जोंधळे धरून सगळा मांडव उभा होता आणि सावधानची वाट बघत होता. सावधान आल्याशिवाय अक्षता कशा टाकायच्या? लग्नात हात उचलायचा तो त्या एका शब्दावर, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. आम्हा दोघांनाच कसं कळलं नाही कोण जाणे. कर्ण्यातून आबांचा श्वास ऐकू येत होता. मागे बायका कुजबुजल्या, "मास्तर इसरले वाटतं." "लेकीचं लगीन हाय बाई, गळा दाटला असंल." कुणी चक्क पदर डोळ्यांना लावला.

मला ओरडावंसं वाटत होतं, की विसरले नाहीत, संपलं, तेवढंच आहे. पण नवरीने अंतरपाटामागे तोंड उघडायचं नसतं.

दौलतराव मोठ्या मनाचे. त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवल्याचं मला कर्ण्यातल्या थापेवरून कळलं. "मास्तर, हुतं असं. बापाचं काळीज हाय. तुमी आपलं ते म्हणा, आमीबी हाय की संगं."

आणि बायकांनी सूर धरला, 'कन्या हे धन चालले परघरा.' मग बाप्ये आले, पोरंटोरं आली, सगळा मांडव म्हणायला लागला. कुणाला कागद लागला नाही. कुणावर रागवायचं? सगळे मायेनेच गात होते, मास्तरांची अडचण सोडवत होते. आधी आबांचा आवाज नव्हता. मग तो आला. मी कान देऊन ऐकत होते, तो कडेने आत शिरला आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेला. मुरलेला, कुठेही न चुकणारा. 'सावधान' त्यांनीच म्हटलं. अक्षतांचा मारा झाला, ताशा कडाडला, अंतरपाट खाली गेला, आणि मी नवऱ्याकडे न बघता आबांकडे बघितलं. ते कर्ण्यासमोर उभे होते आणि लोक त्यांना हात जोडत होते.

पाठवणीच्या वेळी दौलतरावांचा विटांचा ट्रक झेंडूने सजवून दारात उभा होता. मी पुढच्या बाकावर बसले. आबा खिडकीशी आले. त्यांनी माझ्या केसांतला एक जोंधळा काढला.

मी म्हणाले, "आबा, माझं मला पोचलं."

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते त्यांचे. "तेवढं एक राहिलं माझ्याजवळ," ते म्हणाले. "कुणालाच कळलं न्हाई, त्ये बरंच झालं म्हणायचं. आता मागायला कुणी यायचं न्हाई."

तेवढ्यात गर्दीतून पुनावळ्याचे चिमाजी आले. भला माणूस, अंगात नवा कोट. डोळे लाल झाले होते. "मास्तर," ते म्हणाले, "ते नदीचं म्हणलात ना पहिलं, माज्या काळजाला लागलं बगा. मीबी पोरीला तसंच न्यायचो पवनेच्या पाण्यातनं. पुढच्या सराईला तिचं लगीन काढलंय. ते मला द्या. म्हणाल ते देतो, मागंपुढं बगणार न्हाई. फकस्त शेवटाला सावधान तेवढं घाला, म्हंजी लोकांची पंचाईत हुणार न्हाई."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, आबा, नाही म्हणा. एकदा म्हणा. त्यांना ते ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच, ओठ तसेच झाले होते. चिमाजींनी हात जोडले.

"मुलीचं नाव काय?" आबांनी विचारलं.

विचारलं आणि स्वतःच दचकले. पण चिमाजी आनंदाने सांगूनही गेले होते, हौसा. ड्रायव्हरने ट्रक सुरू केला.

पुढच्या सराईत सासूबाईंबरोबर मी त्या लग्नाला गेले. गुलाबी कागद हातात आला. 'खांद्यावर हौसा पुसे' ओळीत छान बसलं होतं. शेवटी आबांनी दोन ओळी वाढवून सावधान आणलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बेमालूम जमलं होतं. मी ठरवून गेले होते की अक्षता टाकायच्या नाहीत. मूठ घट्ट आवळून उभी होते. आबांनी वरच्या सुरात 'सावधान' म्हटलं, आणि सगळ्यांबरोबर माझाही हात उठला.