भाड्यानं दिलेला सेंटर फॉरवर्ड

पुसदच्या जिनिंगांमध्ये एक जुनी रीत होती. कापसाची गाडी आत आली की मापाआधी गाडीवाला कवेत मावेल तेवढा कापूस फाटकाजवळच्या ढिगावर टाकी. तो ढीग फुटबॉल क्लबचा. कुणी मागत नसे आणि कुणी नाहीही म्हणत नसे. त्या ढिगावर बूट आले, जाळ्या आल्या, पोरांचं बसभाडं निघालं, आणि एकदा तर क्लब नागपूरला जाऊन भल्याभल्यांना पाणी पाजून आला. मग दोन हजार चार-पाचच्या आसपास सगळंच बिनसलं. सरकारी खरेदी मोडली, भाव पडला, कापूस गावातल्या गावात मातीमोलानं जाऊ लागला. जिनिंगांना एकामागून एक कुलपं लागली. गाडीच नाही तर ढीग कुठला?

व्यापाऱ्यांनी हात वर केले. "खेळ काय, चांगले दिवस आले की पुन्हा खेळता येईल," असं तोंड वर करून सांगणारे हेच लोक चांगल्या दिवसांत चषकासोबत फोटो काढायला पुढच्या रांगेत असत. नागोरावांना त्यांची चीड येई, पण नुसतं चिडून बूट येत नाहीत. ते स्वतः जिनिंगमध्ये फिटर होते. नोकरी गेली, क्लबचं सचिवपण तेवढं उरलं. पोरांना खेळ शिकवत म्हणून सगळे त्यांना सर म्हणत.

शेवटी या भागात सगळे करतात तेच त्यांनी केलं. खेळाडू भाड्यानं दिला. फुलसावंगीच्या रूपसिंगनं वीटभट्ट्यांवर पैसा कमावला होता आणि आता त्याला स्वतःचा संघ उभा करायची हौस होती. त्याला प्रफुल्ल दिला. प्रफुल्ल म्हणजे क्लबचा सेंटर फॉरवर्ड, आणि खरं सांगायचं तर अर्धा क्लबच.

"पुरा सीझन?" रूपसिंगनं विचारलं होतं.

"पुरा सीझन," नागोराव म्हणाले होते.

भाड्यानं गेलेला खेळाडू आपल्या गावच्या स्पर्धेला घरी येतो, हे इकडे धरूनच चालतात, कुणी आधी बोलून घेत नाही. नागोरावांनीही घेतलं नाही. तिथंच माती खाल्ली.

सीझन संपता संपता पुसदची स्पर्धा आली. उरलेसुरले व्यापारी जमले आणि म्हणाले, यंदा चषक आणा, पुढच्या वर्षाचं आम्ही पाहतो. नाही आणला तर क्लब बंद. नागोराव तडक फुलसावंगीला गेले.

"आता ते कसं जमन, सर?" चहा पुढे करत रूपसिंग म्हणाला. "पुरा सीझन म्हंजे पुरा. जबान तुमी देल्ली होती."

रूपसिंगच्या पैशांचे बूट क्लबच्या पोरांच्या पायांत होते. नागोराव चहा संपवून उठले.

प्रफुल्ल त्यांना बसपर्यंत सोडायला आला. "सर, आपल्याच पोराईच्या विरुद्ध मी कसा खेळू? मले नाही जमत."

"ज्याची जर्सी आंगावर, त्याच्यासाठीच खेळाचं," नागोरावांनी त्याला झापलं. "गद्दारी केली तं मले तोंड नोको दाखवू." असं बोलायला छाती लागते. त्या दिवशी ती होती.

अंतिम सामना क्लब आणि फुलसावंगी यांच्यातच पडला. नशिबाला असली थट्टा फार सुचते. क्लबची लुकडी पोरं जीव तोडून खेळली, प्रफुल्लला त्यांनी हलू दिलं नाही. एकही गोल झाला नव्हता, आणि सामना बरोबरीत सुटला तर चषक यजमानांचा, हा या स्पर्धेचा जुना नियम. शेवटची काही मिनिटं राहिली होती. तेवढ्यात गोलसमोर क्लबच्या एका पोराचा हात बॉलला लागला. शिट्टी झाली. पेनल्टी. मारणार प्रफुल्ल.

नागोराव गोलच्या मागे उभे होते. बॉल ठेवून प्रफुल्लनं मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली.

नागोरावांनी हनुवटी वर उचलली. अगदी थोडी. वरून जाऊ दे. जन्मभर पोरांना इमान शिकवलेल्या माणसानं आपल्याच चेल्यापुढे पदर पसरला, आणि त्याची लाज वाटायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

बॉल जमिनीलगत गेला आणि जाळीत बसला.

व्यापारी पँट झटकत उठले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा सुटकाच जास्त होती. नागोरावांना मात्र प्रफुल्लचा संताप आला, खरंच आला. समोर आला तर थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं. आणि तो आलाच. रूपसिंगची माणसं त्याला खांद्यावर घ्यायला धावत होती, त्यांना ढकलून तो रडत रडत इकडे आला.

"सर, एक इचारू? तुमी मले वरून मारायले सांगून राह्यलते का?"

"नाही रे," नागोराव म्हणाले. "समोर ऊन होतं. मान वर झाली असन."

प्रफुल्लनं बाहीनं डोळे पुसले. त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला.

"मले वाटलंच," तो म्हणाला. "सर कायले असं करतीन? मीच येडा, एक घडी तुमच्यावर शक घेतला. माफ करा, सर."

त्यानं भर मैदानात वाकून त्यांचे पाय धरले. पाय मागे घ्यायचीही हिंमत नागोरावांना झाली नाही.