मर्लचा जोकर

फेअरव्ह्यू हाइट्समध्ये उंच असं काही असेल तर ते रस्त्यावरचे गतिरोधक. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या उत्तरेला, शहर दमून संपतं तिथे वसवलेली ही वस्ती. सारखी घरं, सारखी कुंपणं आणि प्रत्येक दारात दोन-दोन गाड्या. नोएलीन पॅस्कोच्या दारात मात्र आता फक्त तेलाचा डाग होता.

चौदा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीत ती नापास झाली आणि लायसन्स गेलं. त्याच आठवड्यात मुलगा ब्रेट आला आणि "आई, नुसती उभी राहून गाडी खराब होते," असं म्हणून तिची जुनी कोरोला आपल्या मुलीसाठी घेऊन गेला. दुसरी किल्ली मागायला विसरला. दर रविवारी फोन मात्र न चुकता करायचा.

"घरात बसून राहू नकोस गं. बाहेर पड, चार लोकांत मिसळ."

चार लोकांत मिसळायला तिनं काय कमी खटपट केली? पायी फिरणाऱ्यांचा एक गट होता, तो जमायचा नऊ किलोमीटरवरच्या तळ्यापाशी. म्हणजे चालायला जायचं तर आधी गाडी हवी. वाचनालयातलं विणकाम मंडळ साडेपाचला उठायचं आणि शेवटची बस पाच दहाला जायची. दोनदा ती सुया गुंडाळून मधेच उठली, तिसऱ्यांदा गेलीच नाही. चर्चमधली गाणारी मंडळी रविवारी जमायची आणि रविवारी बसच नसायची. हे वेळापत्रक ज्यानं केलं त्यानं जन्मात कधी बसमध्ये पाय ठेवला नसावा.

म्हाताऱ्यांसाठी नगरपालिकेची एक गाडी होती, पण ती फक्त डॉक्टरकडे न्यायची. करमत नाही, हा आजार त्यांच्या यादीत नव्हता.

राहता राहिले गुरुवारचे पत्ते. चर्चमागच्या हॉलमध्ये साडेदहाला दोन टेबलं लागत आणि फाइव्ह हंड्रेडचे डाव रंगत. अकरा वर्षं नोएलीन तिथे खेळत होती आणि अकरा वर्षं तिची भिडू एकच, मर्ल ट्रेगेन्झा. मर्ल ऐंशीची, किडकिडीत, हातात काही नसलं तरी बोली चढवणारी. नोएलीननं डोळे वटारले की म्हणायची, "अगं, तू आहेस ना समोर."

हॉलच्या शेजारी, गाड्या लावायच्या आवाराच्या पलीकडे, दवाखाना होता. नोएलीननं त्यातल्या पायांच्या डॉक्टरला धरलं. आधी भोवरी, मग मांसात गेलेलं नख, मग टाच. पाय संपले की गुडघा आणि कान होतेच. नगरपालिकेची गाडी चालवणारा क्लाइव्ह दर गुरुवारी दहाला तिला दवाखान्याच्या दारात सोडायचा आणि साडेबाराला उचलायचा.

"तुमच्या पायांचं काही खरं नाही, नोएलीन," तो म्हणायचा.

"वय झालं, दुसरं काय."

दहा मिनिटांत पाय दाखवून ती हॉलमध्ये यायची आणि इतर बायकांसारखी टेबलावर गाडीची किल्ली ठेवायची. ब्रेट विसरलेली, तीच. वर कुरकुर करायची, "आज जागाच मिळाली नाही बाई, पार मागच्या गल्लीत लावावी लागली." पेट्रोल महागलं की सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचीही तीच.

खरं का सांगितलं नाही, तर पत्त्यांच्याच गटातल्या डॅफ्नीमुळे. डॅफ्नीचं लायसन्स गेलं तेव्हा गटाची सूत्रं सांभाळणाऱ्या कोरलनं उत्साहानं पाळ्या लावल्या होत्या, आज हिनं आणायचं, पुढच्या वेळी तिनं. महिनाभर सगळं गोड. मग उसासे सुरू झाले. मग "आज डॅफ्नी कुणाच्या गळ्यात?" असं हसणं. एका गुरुवारी पाळी नोएलीनची होती. "मी काय टॅक्सी आहे?" असं ती बोलून गेली आणि गेलीच नाही. डॅफ्नीनं कोट घालून दारात तासभर वाट पाहिली होती म्हणे. त्यानंतर डॅफ्नी कधी आली नाही आणि कुणी बोलावलंही नाही. ते वाक्य नोएलीन अजून विसरली नव्हती. आपल्याबद्दल तेच कुणी म्हटलेलं तिला ऐकायचं नव्हतं.

मर्ल आजारी पडून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात गेली, तेव्हा कोरलनं विचारलं, "जाऊन आलीस का?"

"गाडी गॅरेजमध्ये आहे गं. आली की जाते."

तीन आठवडे गाडी गॅरेजमध्येच राहिली. चौथ्या आठवड्यात मर्ल गेली.

या गटाची एक रीत होती. कुणी गेलं की पत्त्यांच्या ज्या कॅटनं ती खेळायची तो कॅट तिच्याबरोबर मातीत जायचा. प्रत्येकीनं थोडी थोडी पानं टाकायची आणि सगळ्यात शेवटी भिडूनं जोकर टाकायचा. फाइव्ह हंड्रेडमध्ये जोकरच्या वरचढ पान नाही, म्हणून. कोरलनं तो नोएलीनच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे. मर्ल हॉस्पिटलात तेवढंच बोलली होती, माझा जोकर नोएलीनच टाकेल म्हणून."

नोएलीननं जोकर पर्समध्ये ठेवला, किल्लीशेजारी. आता एवढं तरी तिच्या हातून व्हायला हवं होतं.

मर्लची अंत्यप्रार्थना गुरुवारीच होती, त्याच चर्चमध्ये. क्लाइव्हनं दहाला दवाखान्यापाशी सोडलं आणि काळे कपडे पाहून काही विचारलं नाही. दफनभूमी सोळा किलोमीटरवर होती. त्या दिशेला बस जात नव्हती. टॅक्सीवाल्यांनी फोनवर यायलाच सव्वा तास सांगितला. आता कुणाच्या तरी गाडीत बसायचं, एवढाच मार्ग उरला होता.

प्रार्थना संपली. आवारात गाड्यांची दारं उघडू-मिटू लागली, अंत्ययात्रेसाठी गाड्यांचे दिवे लागले. कोरल गाडीपाशी उभी होती. तिची मागची सीट रिकामी होती, नोएलीनला ती दिसत होती.

"कोरल, तुझ्या गाडीत..."

"काय गं?" कोरल घाईत होती. "अय्या, तुझी गाडी कुठे? परत मागच्या गल्लीत?"

बाकीच्या दोघी वळून पाहू लागल्या. हो म्हणायचं नाही, एवढंच करायचं होतं.

"हो. तुम्ही व्हा पुढे. येते मी मागून."

"रस्ता माहीत आहे ना? थांबतो आम्ही तुझ्यासाठी."

गाड्या एकामागोमाग एक निघून गेल्या. आवार रिकामं झालं. नोएलीन तिथेच उभी राहिली आणि मग दुसरं कुठे जाण्यासारखं नसल्यामुळे दवाखान्यात गेली; आजची वेळ प्रार्थनेनंतरची घेतलेली होतीच. पायांच्या डॉक्टर पोरीनं मोजे काढायला लावले, बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"यात कापण्यासारखं काही उरलेलं नाही हो."

"तरी बघ जरा," नोएलीन म्हणाली. ती रडत होती. पोरीला वाटलं, दुखतंय.

चारच्या सुमारास घरी कोरलचा फोन आला.

"पाऊण तास थांबलो आम्ही, नोएलीन. मर्लची बहीण विचारत होती, जोकर कुणाकडे आहे. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"माझ्याकडे गाडी नाही, कोरल."

"काय?"

"चौदा महिने झाले. लायसन्स गेलं, ब्रेट गाडी घेऊन गेला. मी नगरपालिकेच्या गाडीनं येते, पायांचं निमित्त करून."

कोरल हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"दर गुरुवारी तुझी किल्ली टेबलावर पाहते मी. मागच्याच महिन्यात पेट्रोलवरून कान किटवलेस आमचे. हॉस्पिटलच्या वेळी गॅरेज, आणि आता गाडीच नाही? यायचं नव्हतं, तर तसं सांगायचं. निदान मेलेल्या बाईच्या बाबतीत तरी खोटं बोलू नकोस."

नोएलीनकडे सांगण्यासारखं खरं एवढंच होतं आणि ते सांगून झालं होतं.

"शनिवारी मी फुलं घेऊन जाणार आहे," कोरल म्हणाली. "तेव्हा जोकर मीच टाकेन. तू नको येऊस. आणि गुरुवारचंही राहू दे आता, तुझ्या समोर बसायला कुणी तयार नाही. तेवढं पान माझ्या पत्रपेटीत आणून टाक. गाडीनं काय, पाच मिनिटं."

फोन ठेवून नोएलीननं पर्स उघडली. जोकर एका पाकिटात घातला, वर कोरलचा पत्ता लिहिला. पोस्टानं शनिवारपर्यंत पोचलं नसतं. तिनं बूट चढवले. कोरलचं घर साडेसहा किलोमीटरवर होतं, रस्त्याला पदपथ नव्हता, आणि पाय अगदी ठणठणीत होते.