मास्तर, येशील का?

ठकी हे तिचं माहेरचं लाडाचं नाव. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच उचललं, तेव्हा तिनेही फिट्टंफाट म्हणून त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली. तो होताच शाळेत गणिताचा मास्तर. ठकी कृत्रिम हातपाय बनवायला शिकलेली. त्यातलंच पुढचं शिक्षण घ्यायला ती परदेशी गेली, ती मास्तरने आणि सासूबाईंनी भरीस घातलं म्हणून. शिकायचं, थोडा अनुभव गाठीशी बांधायचा आणि मग पुढचं पुढे, असं ठरलं होतं.

पदवी मिळाली, पण नोकरीचं घोडं अडलं. मुलाखती छान व्हायच्या. लोक तिच्या हातचं काम उलटसुलट करून बघायचे, माना डोलवायचे. मग व्हिसाचा विषय निघायचा. तिच्या व्हिसाची जबाबदारी आपल्याला घ्यावी लागणार हे कळलं, की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, जणू मुलगी पसंत आहे पण पत्रिका जुळत नाही. नोकरी शोधायला सरकारने दिलेली मुदत सरत चालली होती. उंबरठे झिजवून ती खोलीवर यायची आणि फोन किटलीला टेकवून ठेवायची. पलीकडे मास्तर वह्या तपासत बसलेला असायचा. दोघं फारसं बोलत नसत. पानं उलटल्याचा आवाज ऐकत ती जेवायची. तो जवळ असता तर ही असली शांतता तिला आवडली असती. आता तीच तिला खायला उठायची.

'परत ये' असं तो कधीच म्हणाला नाही. याचा तिला राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची.

शेवटी एका लाँड्रीशेजारच्या छोट्या कार्यशाळेत तिला बोलावलं. मालक म्हातारा, आडव्या अंगाचा, नखांत प्लास्टर अडकलेलं. व्हिसाच्या भानगडीत आपण आजवर पडलो नाही, पण आधी काही दिवस काम करून दाखव, मग बघू, असं त्याने तोंडावरच सांगितलं.

तिच्या वाट्याला आली एक निवृत्त बस-चालक बाई. गुडघ्याखालून पाय गेलेला. आधी मिळालेला पाय इतका टोचायचा, की तिने तो कपाटात टाकून दिला होता. ठकीने तिला कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगितलं, नवा साचा घेतला, पाय ज्यात बसतो ती वाटी घडवली. बाईने तोंड वाकडं केलं. ठकीने पुन्हा साचा घेतला. माल फुकट जातोय म्हणून मालक पुटपुटला, पण त्याने अडवलं नाही. या खेपेला बाई कठड्याला धरून चालली, मग कठडा सोडून खिडकीपाशी गेली. रस्त्यावरून एक बस जात होती.

"उशिरा धावतेय," बाई म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी मालक हात पुसत म्हणाला, "वकील गाठतो. पण एवढा खटाटोप केल्यावर लगेच पळायचं नाही. दोन-तीन वर्षं तरी राहावं लागेल."

ठकीला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं. पण खोलीपर्यंतचा रस्ता तिला जड गेला.

नोकरी लागली म्हणताच मास्तरने आईला हाक मारली. सासूबाईंनी तोंडभर कौतुक केलं. मग ठकीने दोन-तीन वर्षांच्या अटीचं सांगितलं. पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला.

"घे नोकरी," तो म्हणाला.

"मास्तर, एकदा तरी परत ये म्हण."

"रोज म्हणतो. तू फोन ठेवल्यावर."

तिने किटलीला टेकवलेला फोन उचलून हातात धरला. तिने विचारलं, "मग तू येशील का?"

आईला एकटं टाकून कसा येऊ, असं तो म्हणायच्या आत सासूबाईच मागून बोलल्या, "मी काय कुंडीतलं रोप आहे, रोज पाणी घालायला? माझी लेक हाकेच्या अंतरावर आहे. तू आपलं बघ."

तिकडे गणिताचे मास्तर लागतात का, त्याने विचारलं. लागतात, पण इथली परीक्षा द्यावी लागते, ठकी म्हणाली.

"मला परीक्षेची भीती दाखवतेस?" तो हसला. ते हसू तिने कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं.

ठकीचा व्हिसा झाला. मास्तरने तिकडूनच परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेला नापास झाला, गणितात नव्हे, भाषेत. शाळेला मोठी सुट्टी लागल्यावर तो तिच्याकडे आला. पहिले दोन दिवस दोघं पाहुण्यांसारखे एकमेकांना 'आधी तू' करत राहिले, मग मोरीच्या नळावरून कडाक्याचं भांडण झालं आणि आपल्या घरात असल्यासारखं वाटलं. सुट्टी संपली. परीक्षा पुन्हा देईन म्हणून तो परत गेला.

त्याला विमानतळावर सोडून ठकी सरळ कामावर गेली. मालकाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता साचे घासायचं काम तिच्या पुढ्यात ठेवलं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.