कोणाला काही दुखतंय का?

फ्रीजमधला बर्फ पुन्हा संपला होता. फिजिओबाईंनी रिकामा ट्रे नळाखाली धरला आणि वर तोंड करून हाक मारली.

"भाऊजी, बर्फ कोण खातंय या घरात?"

"उकडतंय ना, वहिनी. पाण्यात घालतो," वरच्या खोलीतून आवाज आला. आवाज आला, माणूस काही खाली उतरला नाही.

बाई क्लबच्या फिजिओ आणि हा धाकटा दीर त्याच क्लबच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन. एरवी साधं खरचटलं तरी घर डोक्यावर घेणारा. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने सगळ्यांना नुसतं नाचवलं होतं. सर्जनने मात्र बजावलं होतं, हाच गुडघा पुन्हा गेला तर फुटबॉल तर सुटेलच, साधा जिना चढणंही अवघड होईल. आणि आता आठवडाभर त्याच्या तोंडून एक 'आई गं' निघालं नव्हतं.

दुपारी मैदानाच्या स्टँडखालच्या खोलीत बैठक होती. नवा मुख्य कोच नेमायचा होता आणि ठरवणार होते तिघं: अध्यक्ष, सेक्रेटरी आणि बाई. संघ लीगच्या गुणतक्त्यात पार तळाला गेला होता. आधीचा कोच इतका मवाळ, की तो बोलत असताना पोरं जांभया द्यायची. म्हणून अध्यक्षांनी थेट भडक्याचं नाव काढलं; तोच येणार असं आठवड्यापूर्वी पेपरातही छापून आलं होतं. हे टोपणनाव पेपरवाल्यांनी दिलेलं, आणि ते का दिलं हे अध्यक्षांनी लावलेल्या व्हिडिओत दिसतच होतं. रेफ्रीच्या अंगावर धावून जाणारा, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट लाथेने उडवणारा एक आडव्या बांध्याचा माणूस.

"हा निम्मे सामने बंदी ओढवून घेतो आणि प्रेक्षकांत बसतो," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे पगार आपण कोचचा द्यायचा आणि हा टाळ्या वाजवणार."

"बसू दे की. तो तिथून ओरडला तरी मैदानात ऐकू येतं." अध्यक्ष बाईंकडे वळले. "आणि बाई, तुमच्या फायद्याची गोष्ट. त्याच्या संघात दुखापती लीगमध्ये सगळ्यात कमी. तुम्ही खुशाल विणकाम घेऊन या."

बाई हसल्या, पण मनात खुट्ट झालं. बावीस माणसं एकमेकांच्या पायांत पाय घालून पळतात आणि कोणाचा स्नायूही ताणला जात नाही, हे शरीराला धरून नव्हतं. आकडा फारच चांगला आला की आधी मोजण्याची रीत तपासायची, ही त्यांची कॉलेजच्या प्रयोगशाळेपासूनची सवय.

त्यांनी भडक्याच्या जुन्या क्लबातल्या फिजिओंना फोन लावला. गृहस्थ वयस्कर आणि गप्पिष्ट होते.

"छे हो, मला काही कामच नसायचं त्याच्या काळात. शब्दकोडी सोडवायचो."

"आणि तो गेल्यावर?"

"तो गेल्यावर दाराबाहेर रांग लागली, बाई. दोघांचं तर खेळणंच संपलं. जुनी दुखणी सगळी." मग घाईघाईने, "पण त्याने कोणाला हात लावलेला नाही हं. तसं काही माझ्या नावावर सांगू नका."

फोन ठेवून बाई आपल्या खोलीत गेल्या. तपासणीच्या टेबलावरची चादर कोरी होती. पट्ट्यांची रिळं जागच्या जागी होती. भडक्याचं नाव पेपरात आल्यापासून इकडे कोणी फिरकलं नव्हतं. आठवडा बरा गेला, असं त्यांनी मनाशी म्हटलंही होतं. त्याचं आता त्यांना नवल वाटलं. आणि घरातला बर्फ आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भडका एक सराव घेऊन दाखवायला आला. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. सेक्रेटरींनी पुढे केलेला चहा त्याने आधी बाईंकडे सरकवला.

"माझ्याबद्दल बरंच ऐकलं असेल, ताई. मी रेफ्रीवर ओरडतो. पोरांवर नाही."

"पोरं दुखलं-खुपलं सांगतात तुम्हाला?"

"न सांगायला काय झालं? मी रोज विचारतो. बघाच तुम्ही."

मैदानात संघ अर्धगोल उभा राहिला. भडका मधोमध थांबला, सावकाश एकेकाच्या डोळ्यांत बघत गेला आणि मऊ सुरात म्हणाला, "कोणाला काही दुखतंय का?"

एकही हात वर झाला नाही. कॅप्टन बुटाच्या टोकाने गवत उकरत होता.

सराव सुरू झाला. भडका खरंच ओरडला नाही. अध्यक्षांनी भुवया उडवून बाईंना खूण केली, जणू पैज जिंकली. बाईंचं लक्ष दिराच्या उजव्या पायाकडे होतं. वळायची वेळ आली की तो डावीकडून मोठा वळसा घेत होता. उजव्यावर भार द्यायचं टाळत होता. बाई मैदानाची रेषा ओलांडून आत गेल्या.

"भाऊजी, बाहेर या."

"वहिनी, इथे नको ना," तो दात आवळून पुटपुटला.

भडका जवळ आला. त्याचा आवाज अजूनही तसाच होता. "मी कोणावर जबरदस्ती करत नाही. कॅप्टन, तूच ठरव. तुला थांबायचंय?"

"नाही, सर."

भडक्याने बाईंकडे बघून हात पसरले. झालं समाधान?

झालं होतं. या माणसाला लाथेने क्रेट उडवायची गरज एकदाच पडली असणार. पोरांची तोंडं बंद ठेवायचं पुढचं काम तो व्हिडिओच करत होता.

मतं द्यायच्या वेळी बाईंनी सगळं सांगितलं, फोन, रिकामं टेबल, उजवा पाय. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही दिराची काळजी करताय, संघाची नाही."

"दिराची करतेच आहे. तो नसता तर कदाचित माझ्या उशिरा लक्षात आलं असतं."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि बाईंच्या बाजूने हात वर केला. भडक्याला नकार कळवायचं काम अध्यक्षांनी सेक्रेटरींवरच ढकललं.

घरी जेवताना दिराचे निरोप बाईंच्या नवऱ्यामार्फत चालले होते, 'तिला म्हणावं मीठ दे.' शेवटी ताट सारून तो म्हणाला, "तो आला असता तर वर आलो असतो आपण. माझे किती हंगाम उरलेत, वहिनी? तू माझा एक घालवलास."

तो म्हणत होता ते खरंही असू शकलं असतं. नाकारलेल्या कोचचा निकाल तपासायची कुठलीच सोय नसते.

दोन दिवसांनी बाई स्वयंपाकघरात होत्या तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं. मग थांबलं. मग दुसरं. दीर कठडा धरून, डावा पाय वर ठेवून उजवा आधी खाली टेकवत, एकेक पायरी उतरत होता. त्या बघतायत हे त्याला दिसत होतं, तरी तो सरळ झाला नाही. खुर्ची ओढून बसला आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. गुडघा सुजून गोल झाला होता.

"कधीपासून?"

"पेपरात नाव आलं त्याच्या आदल्या दिवसापासून," तो म्हणाला. "आई गं. हळू दाब की जरा."

बाईंनी बर्फाचा ट्रे काढला. आज तो भरलेला होता.