सोमेश्वरनगरची नोकरी

"कौसल्याताई, गॅस बारीक करा आणि बाहेर या. कुणीतरी भेटायला आलंय."

योगिनीने स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली तेव्हा तव्यावर चपाती होती. ती भाजून होईपर्यंत कौसल्येने मान वर केली नाही. आपल्याला भेटायला कोण येणार? कळसहून भाऊ मानसिंग आला असता, तर तो सरळ आतच आला असता.

बाहेरच्या कट्ट्यावर एक तरुण मुलगी बसली होती. कौसल्येला बघून ती उठली आणि एक खांदा पाडून उभी राहिली. तसं उभं राहायची सवय तिच्या बापाची.

"उत्कर्षा?"

मुलीने मान हलवली.

उत्कर्षा पहिलीत होती, तेव्हा कौसल्येला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतून, विहिरीतून, कधी ताटातल्या भातातून. मोरगावला सासरी आधी अंगारे-धुपारे झाले. मग एका सकाळी नवऱ्याने, उत्कर्षाच्या अप्पांनी, तिला माहेरी कळसला आणून सोडलं. पोरगी तिकडेच राहिली, आणि पुढे त्याने दुसरं लग्न केलं. मानसिंगने इंदापूरच्या डॉक्टरांची औषधं सुरू केली. आवाज हळूहळू विरले, पण त्यांच्याबरोबर बाकीचंही पुष्कळ विरलं. कितीतरी वर्षं ती नुसती ओट्यावर बसून राहिली. तिच्या खोलीला कडी होती ती बाहेरून.

बारामतीतल्या या केंद्राचं नाव डॉक्टरांनीच सुचवलं. आजारातून उठलेल्या माणसांना इथे काम शिकवत आणि मग कुठेतरी कामाला लावत. सुरुवातीला कौसल्या लसूण सोलता सोलता झोपायची. गोळ्यांनी हात थरथरायचे, चपातीचा भलताच आकार व्हायचा. "आकाराचं सोडा, उद्या या म्हणजे झालं," तिथे शिकवणारी योगिनी म्हणायची. कौसल्या येत राहिली. रोज एसटीने, पेंगत. आता केंद्राच्या खाणावळीच्या सगळ्या चपात्या तीच करायची. आणि गेल्याच आठवड्यात योगिनीने तिच्यासाठी काम शोधलं होतं. सोमेश्वरनगरला, मुलींच्या वसतिगृहात. राहायला खोली होती. कौसल्येने एवढंच विचारलं होतं, "खोलीला आतनं कडी हाय का?"

"जेवलीस?" कौसल्येने विचारलं.

"भूक नाही." उत्कर्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मामा म्हणाला, तू सोमेश्वरनगरला कामाला चाललीस."

"व्हय. सोमवारपासनं."

"माझं लग्न ठरलंय. तिथलंच स्थळ आहे. अविराज नाव त्याचं."

कौसल्येच्या चेहऱ्यावर हसू यायला जरा वेळ लागला. "बरं झालं की. पोरगा चांगला हाय का?"

"चांगला आहे." उत्कर्षाने खाली बघितलं. "अप्पांनी त्यांना सांगितलंय, माझी आई वारली म्हणून. मी लहान असतानाच."

आत बिरू पातेली घासत होता. तोही इथेच शिकायला आलेला. भांड्यांचा खडखडाट कट्ट्यापर्यंत येत होता.

कौसल्येला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात जोर लागतो, आणि सकाळपासून उभं राहून तिचे पाय भरून आले होते. ती कट्ट्यावर बसली.

"कशानं वारले म्हनं मी?"

"काविळीनं."

"बरं."

"तू तिथं येऊ नको ना." उत्कर्षाला रडू फुटलं. "बारामतीत मिळंल की काम. त्यांना कळलं तर म्हणतील, पोरीलाबी व्हायचं. लग्न मोडतील गं."

 कौसल्येने हलक्या आवाजात विचारलं, "तुला झोप लागती का नीट?"

"लागते."

"कसले आवाज-बिवाज?"

"नाही. कधीच नाही."

"मग झालं." कौसल्येने मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांत तिला कुणाला तरी विचारायचं होतं ते एवढंच होतं.

मग ती म्हणाली, "काम मी सोडनार न्हाई. लई दिसांनी मिळालंय. पर तुझी कोन म्हनून मी तितं येत न्हाई. चपात्या करनारी बाई म्हनून येती. रस्त्यात दिसलीस तरी वळख दावनार न्हाई."

"जमंल तुला?"

"बघू."

आत जाऊन तिने ताट वाढून आणलं. भूक नाही म्हणणारी पोरगी दोन चपात्या जेवली. कौसल्या मात्र शेजारी बसली नाही. जेवणाची वेळ झाली होती, माणसं खोळंबली होती.

संध्याकाळी योगिनीला सगळं कळलं. ती म्हणाली, "हा ताण तुम्ही कशाला घेता? दुसरी जागा बघू आपण."

"दुसरी कवा मिळनार, ताई? आन तितंबी आनखी कोन निघंल, काय सांगावं?"

सोमवारी कौसल्या सोमेश्वरनगरला गेली. खोलीला आतून कडी होती. पहिल्या रात्री ती लावून, खात्री करून, ती लवकर झोपली.

लग्नाच्या दिवशी बँडचा आवाज वसतिगृहापर्यंत आला. खिडकीला लोंबकळत मुलींनी विचारलं, "मावशी, कुणाचं लग्न आहे हो?" तिने ठाऊक नाही म्हणून सांगितलं. त्या दुपारी चपात्या रोजच्याइतक्याच झाल्या. एकही करपली नाही.

पुढे एकदा ती बाजारात मेथी निवडत होती, तर एक ठसठशीत बाई समोर येऊन थांबली.

"तुमी होस्टेलच्या मावशी न्हवं? माझी भाची हाय तितं. तुमच्या चपात्यांचं लई कौतुक करती."

बाईच्या मागे हिरवा चुडा भरलेली उत्कर्षा उभी होती.

"ही आमची सून. नवीच हाय." बाई ऐसपैस गप्पांना लागली. "तुमचं गाव कुठलं? लेकरं किती तुमाला?"

उत्कर्षा घाईने वांग्यांच्या ढिगावर वाकली. तिचा हात एका वांग्यावर तसाच राहिला.

"कळसची मी," कौसल्या म्हणाली. "लेकरं न्हाईत."

"अगं बाई!" सासू मनापासून हळहळली.  मग सुनेकडे वळून म्हणाली, "पाया पड गं मावशींच्या. मोठं मानूस हाय."

उत्कर्षाने पदर डोक्यावर घेतला आणि वाकली. तिचे हात कौसल्येच्या पायांवर जरा जास्तच वेळ राहिले. सासू तोवर भाजीवालीशी भाव करायला लागली होती.

"सुखात ऱ्हावा, सूनबाई," कौसल्या म्हणाली.

तिने मेथीचे पैसे दिले, पिशवी उचलली आणि रात्रीची कणीक मळायला वसतिगृहाच्या रस्त्याला लागली.