सगुणाआत्याची पांढरी पिलं

"पांढरं! आनी एक पांढरं!"

गुंजवणे गावातली निम्मी माणसं रखमाजी पाटलांच्या अंगणात डालग्याभोवती वाकली होती. काळ्या कोंबडीखालून तीन पिवळट पांढरी पिलं निघाली होती.

"अंडी माज्या देवाच्या काळ्या कोंबड्यांची," अंड्यांवरून पाप सांगणारे कोंबडेबुवा भंडारा उधळत गरजले. "कोंबडाबी काळा. मग पांढरं आलं कुठनं? बाईचं पाप अंड्यात उतरलं!"

ती बाई म्हणजे माझी धाकटी बहीण फुलाबाई. तिला दुधासारखी पांढरी, भुऱ्या केसांची मुलगी झाली, म्हणून परपुरुषाचा आळ घेऊन सासूनं तिला बाळासकट गोठ्यात घातलं होतं. सासू म्हणजे आमचीच सख्खी आत्या, सगुणाबाई. आमच्यात भावाची लेक सून करून आणतातच. बुवांची अंडी फुलानं आपल्या हातानं खुडूक कोंबडीखाली उबायला ठेवायची आणि पांढरं पिलू निघालं तर नवऱ्यानं, भिमानं, तिला टाकून दुसरी करायची, असं ठरलं होतं.

मी कुंडलिक. अडतीस साली पुण्याच्या कॉलेजात बी. एस्सी.ला आनुवंशिकता शिकत होतो. परीक्षा आटोपून त्याच सकाळी पोचलो होतो. राग यायला हवा होता, आला नाही. मी नुसती पिलं मोजली. बारांत तीन. हेच गणित मी आठवड्यापूर्वी पेपरात सोडवलं होतं.

"पाटील, बुवांच्या त्याच खुराड्यातली अंडी आता आत्याच्या हातानं ठेवा," मी म्हणालो.

"देवाची परीक्षा घेतोस? जळून जाशील!" बुवा ओरडले.

"मी जळंन. तुमचं काय जातंय?"

लोक हसले. आत्या पदर खोचून पुढे आली. "ठेवते की! म्या काय भिते व्हय?"

अंडी मी स्वतः उचलून आणली. फुला गोठ्यातच राहिली.

विसाव्या दिवशी बुवा पसार झाले. त्यांच्या खोपीत दुरडीखाली एक पांढराशुभ्र कोंबडा सापडला. दुसऱ्या दिवशी आत्याच्या अकरा अंड्यांतून चार पांढरी पिलं निघाली.

"काळ्या कोंबड्यांत हा कोंबडा सोडला की पिलं सगळी काळीच होतात," मी सांगितलं. "पण पांढरेपणा त्यांच्यात दडून राहतो. तशा काळ्या नरमादीची अंडी बसवली की चारांत एखादं पांढरं निघतं. बुवा पांढरा कोंबडा लपवायचे आणि काळी तेवढी दाखवायचे. जिला पावन ठरवायचं, तिला गावातल्या अस्सल काळ्या वाणाची अंडी द्यायचे."

"आनी पोरगी?" पाटलांनी विचारलं.

"तसंच. फुलाचा बाप आणि भिमाची आई सख्खी भावंडं. एकाच घरात दडलेलं दोन्हीकडनं आलं."

आत्यानं हातातलं पांढरं पिलू खाली ठेवलं. "म्हंजी पाप माजं?"

"पाप कुणाचंच न्हाई, आत्या."

भिमा गोठ्याकडे धावला. "फुला, चल घरात."

फुला बाळाच्या डोळ्यांवर पदर धरून दारात आली. बाळाला ऊन सोसत नव्हतं.

"म्या कायबी केलं न्हाई, हे पैल्याच दिशी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "कोंबडीचं समद्यांनी ऐकलं. माजं कुनी ऐकलं?" मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "दादा, तुला तर आल्या दिशीच ठावं हुतं ना?"

ठाऊक होतं. गावाला पटावं म्हणून मी तिला आणखी एकवीस दिवस गोठ्यात राहू दिलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

बाबांनो, चमत्कार दिसला की आधी दुरडी उचलून बघा. आणि एवढं ध्यानात ठेवा: पुरावा आळ घेणाऱ्यानं द्यायचा असतो. आम्ही तो फुलाकडे मागितला.